कंदील सोडायचा मान

नल्लकुंटा, हैदराबाद
१८ फेब्रुवारी १९९५

ति. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. भाऊबिजेशिवाय नरूला बहीण आठवत नाही, असं तू भावजींना म्हणाली असशीलच. म्हण. या वेळी मात्र मोठी बातमी आहे. मी नोकरी सोडली. फायलींना दोरे बांधत साठी गाठायची नाही, असं ठरवलं. लीलानं तोंड पाडलंय, पण तिला जग कुठं चाललंय ते कळत नाही. सरकारनं सगळं खुलं केलंय, ताई. आता बसून राहील तो बसूनच राहील.

विद्यानगरकडे बंगले पाडून नुसती अपार्टमेंटं उभी राहतायत. लिफ्ट आहे, केबल आहे, गुळगुळीत फरशी आहे, आणि नळ उघडला की फस्सकन हवा येते. परवा एक टँकरवाला आपल्या अंगणात आला. विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणतो, ‘साब, इसकू आप बावडी बोलरे? ये तो तिजोरी है!’ मी हसलो, पण रात्रभर तेच डोक्यात. भर मे महिन्यात आपल्या विहिरीत पाणी असतं. आपण काय करतो त्याचं? तुळशीला घालतो आणि मागच्या गल्लीला फुकट वाटतो.

विहिरीच्या तळाशी एक बोअर मारायचा आणि थ्री-फेज मोटर बसवायची, असा विचार आहे. त्यासाठी विहीर आणि मागचं अंगण माझ्या एकट्याच्या नावावर हवं. बाबांनी दोघांच्या नावे ठेवलंय. तू हक्क सोडल्याचा कागद मी तयार करून ठेवलाय. घर आहे तसंच राहील, माहेर तुझंच आहे, हे काय लिहायला हवं?

प्रणिता दहावीला आहे. मराठी वाचायला सांगितलं की बोट ठेवून वाचते आणि वर म्हणते, ‘बाबा, ये अक्षर इत्ते टेढे कायकू हैं?’

तुझा
नरहर


नांदेड
२ मार्च १९९५

चि. नरहरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भावजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मेधा, तुझा भाऊ आता पाणीदार झाला.’ त्यांचे विनोद तुला माहीत आहेत.

नोकरी सोडलीस ते मला आवडलं नाही, पण तुझं तू जाणतोस. कागद पाठव, मी सही करीन. विहिरीतला अर्धा वाटा नांदेडला आणून मी कुठं ठेवणार आहे? दोनच गोष्टी मागते.

मागचं दार बंद करू नकोस. आजोबांपासून ते गल्लीसाठी उघडं आहे. गंगूबाई रहाटावर पाणी ओढताना तोंडानं सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायची, त्या ऐकतच आपण मोठे झालो.

आणि वैशाखातला माझा मान मोडू नकोस. विहीर उपसायच्या दिवशी कंदील सोडायला मी लग्नानंतर एकही वर्ष चुकले नाही. तुला आठवतं ना, माझ्या हातात दोर असायचा आणि बाबा काठावर ओणवे होऊन ज्योतीकडे बघत असायचे? ती पाण्याजवळ पोचेपर्यंत कुणी बोलायचं नाही. नीट जळत राहिली तर माणसं उतरायची. विझली, तर बाबा म्हणायचे, ‘आज विहिरीची मर्जी नाही.’ मग कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून दिवसभर खालीवर करायच्या आणि उपसणं दुसऱ्या दिवसावर. आपण दोघं खूश, कारण पुरणपोळी दोनदा. एरवी बाबा देवघरात फारसे जात नसत. वकील माणूस, सगळ्याला पुरावा मागायचे. पण ही एवढी रीत त्यांनी कधी सोडली नाही.

यंदाही मी येईनच. तेव्हा आमच्या योगेशबद्दलही बोलू. त्याला कॉम्प्युटरचा कोर्स तिकडेच करायचा आहे. माडीवरची खोली रिकामीच असते ना?

तुझी
ताई


नल्लकुंटा
२४ एप्रिल १९९५

ति. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

सही पोचली. तू म्हणजे खरंच लक्ष्मी आहेस. अंबाजीबरोबर डबा पाठवलाय, तो आता आपला ड्रायव्हर आहे आणि त्याची बहीण नांदेडलाच असते. बेगम बाजारातून स्वतः जाऊन निवडून काजू, चारोळी आणि केशर घेतलं. भावजींना म्हणावं, पाणीदार मेहुण्याकडून.

बोअरला असं पाणी लागलं म्हणून सांगू! गढूळ पाण्याचं कारंजं वर उडालं आणि मी लहान पोरासारखा भिजत उभा राहिलो. लीला आतून ओरडत होती. आता पहाटेपासून टँकर लागतात. कोठी भागातले दोन दवाखाने आपल्याकडूनच घेतात. ज्या साहेबांपुढे मी वीस वर्षं उभा राहायचो, त्यांच्या बायकोचा परवा फोन, ‘नरहरजी, जरा आमच्याकडे पहिल्यांदा पाठवा ना.’ नरहरजी! मी म्हटलं, बघतो.

एक सांगायचं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. यंदा विहीर उपसायची नाही. मोटर दिवसभर बंद ठेवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि एकदा गेलेलं परत येत नाही. तेव्हा एवढ्या उन्हात तू प्रवास करू नकोस. दिव्याची काळजी सोड. मी विहिरीत आतपर्यंत वायर नेऊन शंभरचा बल्ब लावलाय. खाली असा लख्ख उजेड पडतो, की पडलेलं नाणं दिसेल. बाबांचा कंदील म्हणजे मुलीला मान द्यायची एक गंमत होती. बाबाच हवे होते बघायला.

खोलीत ड्रायव्हर झोपतात. योगेशचं पुढच्या वर्षी बघू.

तुझा
नरहर


नांदेड
११ मे १९९५

चि. नरहरीस,
अ. आ.

डबा मिळाला. काजू फार छान आहेत.

आज वैशाखातली आपली ती तिथी. सवयीनं सकाळी साडी काढली आणि पुन्हा घडी करून ठेवली. मनाला लावून घेतलेलं नाही. तुझा धंदा नवा आहे, समजू शकते.

मागच्या दाराबद्दल तू काही लिहिलं नाहीस. विचारावं की नाही असं मनात आलं, कारण योगेशच्या खोलीचं तुझ्याकडे शब्द टाकून ठेवलंय आणि तुला सारखं टोकणं बरं नव्हे. जमलं तर दिवाळीनंतर त्याला ठेवून घे. मुलगा शांत आहे, कोपऱ्यात पडून राहील.

तुझी
ताई


नल्लकुंटा
९ एप्रिल १९९६

ति. सौ. वन्संना,
लीलाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र घरातून टाकत नाही. प्रणिता क्लासला जाताना बरकतपुऱ्याच्या पेटीत टाकील. यांना कळवू नका. मला दुसरं कुणाला सांगावं ते सुचलं नाही.

वन्सं, मागचं दार संक्रांतीपासून बंद आहे. आधी यांनी वेळ ठरवून दिली, मग वेळ कमी केली, मग म्हणाले, ‘मी एकीकडे विकतो आणि दुसरीकडे वाटतो, हा काय वेडेपणा?’ मोठं कुलूप घातलंय आणि किल्ली करगोट्याला बांधून फिरतात. अंघोळीलासुद्धा काढत नाहीत. आपल्या बोअरमुळे गल्लीतल्या दोन्ही विहिरी आटल्या. गंगूबाई घागर घेऊन पुढच्या दारानं आली होती. तिला म्हणाले, ‘पिंप हवं असेल तर भाव विचार.’ ती म्हणाली, ‘मालक, तुमच्या मुंजीत मीच ह्या विहिरीचं पाणी वढलं. तवा भाव सांगितला न्हवता कुणी.’ हे हसले. म्हणाले, ‘तेव्हा मला अक्कल नव्हती.’

मी दुपारी हे बाहेर गेले की भिंतीवरून कळशी देते. स्वतःच्या घरात चोरासारखं वाटतं. प्रणितानं यांच्याशी बोलणं टाकलंय. गल्लीतली तिची मैत्रीण कॉलेजात तिला म्हणाली, ‘तेरे बाबा पानी का धंदा करते, तू हमारे साथ डब्बा मत खा.’

आता पाणी खाली गेलंय, तर यांनी बोअर आणखी खोल नेला. करंट सारखा जातो म्हणून विहिरीच्या आत, कठड्याखाली फळ्या टाकून डिझेलचं इंजिन बसवलंय. ते सुरू झालं की विहिरीतून धूर वर येतो. तुळस काळी पडली. यांना धड जेवायला फुरसत नाही, रक्तदाब वाढलाय, झोपेत टँकरचे नंबर पुटपुटतात. पूर्वी रविवारी पत्ते खेळताना मुद्दाम माझ्याशी हरायचे, तो माणूस कुठं गेला कळत नाही.

ते तुमचं ऐकतात. काही लिहाल का? माझं नाव मात्र घेऊ नका.

आपली
सौ. लीला


नांदेड
१७ एप्रिल १९९६

चि. नरहरीस,
अ. आ.

फिरवून लिहायची मला सवय नाही. मागच्या दाराला कुलूप आहे, असं कानावर आलं. मी सही करताना दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक तू पत्रानं मोडलीस, दुसरी न सांगता.

तू आईच्या मांडीवर वाढलास त्याहून जास्त गंगूबाईच्या कडेवर वाढलास. तिला भाव सांगतोस? नरू, तुला कशाची कमी आहे, सांग बरं. घर आहे, लीलासारखी बायको आहे, मुलगी हुशार आहे. पाणी विकू नकोस असं मी म्हणत नाही. विक. पण तुझी तहान किती मोठी, ते तरी एकदा ठरव.

कुलूप काढ. आणि या वैशाखात एक दिवस सगळं थांबवून विहीर उपस. मला बोलावू नकोस हवं तर, प्रणिताच्या हातून कंदील सोड. आता घरची मुलगी तीच आहे.

योगेशला खोली नको. त्याची इकडेच सोय झाली.

ताई


नल्लकुंटा
२६ एप्रिल १९९६

ति. ताईस,

लीलानं लिहिलं ना? विचारलं तर रडायला लागली, म्हणजे तिनंच.

तुला नांदेडात बसून उपदेश करायला काय जातं? इथं माझ्या जिवावर चार ड्रायव्हर जगतायत. दुसरा टँकर घेतलाय. नव्या फंक्शन हॉलचं वर्षाचं काम मिळालंय, म्हणजे प्रत्येक लग्नाला पाणी नरहर देणार. उद्या लोक बाटलीतलं पाणी पितील, स्टेशनवर पितातच, तेव्हा बाटलीसुद्धा माझीच असेल. आणि तू अजून घागरीशी अडली आहेस.

काजू खाताना पाणी कुठून आलं ते आठवलं नाही का? योगेशला खोली हवी होती तोपर्यंत कुलुपाबद्दल एक अक्षर नव्हतं.

कंदील, कंदील! विहिरीत बल्ब जळतोय, चोवीस तास. विहिरीची मर्जी बिर्जी काही नसते, असते ती मोटरची. आणि खरं सांगायचं तर तू हक्क सोडलास त्या दिवशी तो मानही सुटला. पुन्हा विहिरीबद्दल लिहू नकोस.

नरहर


नांदेड
२३ मे १९९७

चि. लीलास,
अनेक आशीर्वाद.

वर ‘सौ.’ लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. किती वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसले.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी परवा सुटली. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यायचं नव्हतं. डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही, रडूही नका म्हणाले. माझा भाऊ गेला आणि मी अंधारात उशीवर पडून होते. योगेश तेराव्यापर्यंत तिथं राहून आला, पण त्याला विचारलं की ‘मामा विहिरीत उतरला आणि गेला’ एवढंच सांगतो आणि उठून जातो.

वर्षभर आम्ही एकमेकांना पत्र लिहिलं नाही. त्याचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात तो जे बोलला ते सगळं खोटं नव्हतं, म्हणून मी जास्त चिडले होते. भाऊबिजेला वाट बघितली. मग मीच लिहावं असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, आधी त्यानं लिहावं.

तू तिथं होतीस. काय झालं ते मला सांग. जमेल तेव्हा सांग, पण खरं सांग. माझ्यासाठी सोपं करू नकोस.

तुझी
मेधाताई


नल्लकुंटा
१ जून १९९७

ति. वन्संना,
लीलाचा शि. सा. नमस्कार.

सांगते. सोपं करत नाही.

लग्नाची मोठी तिथी होती. फंक्शन हॉलला सकाळपासून पाणी द्यायचं होतं आणि पहाटेच करंट गेला. म्हणून इंजिन लावलं. ते विहिरीत किती वेळ घरघरत होतं. पाणी आता नावाला राहिलंय, तासभर ओढावं तेव्हा टँकरचा तळ भिजतो. उन्हं वर आली आणि इंजिन एकदम बंद पडलं. थोड्या वेळानं करंट आला, विहिरीतला बल्बही लागला, पण मोटर पाणी उचलेना. खाली कुठंतरी पाइप सुटला होता. दारात टँकर उभा आणि हॉलवाल्याचा फोनवर फोन.

यांनी अंबाजीला उतरायला सांगितलं. तो म्हणाला, ‘साब, धुआँ जाने दो. घंटे के बाद उतरता.’ हे म्हणाले, ‘घंटे के बाद वरात येईल. नखरे नक्को कर.’ तो उतरला नाही, बाजूला जाऊन उभा राहिला. मग यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, ‘थोडं थांबा, चहा टाकते.’ वन्सं, मला एवढंच सुचलं. हे काठावरून वाकून बघत होते. म्हणाले, ‘अगं, बघ तरी किती लख्ख दिसतंय! बाबांचा कंदील विझायचा. हा विझत नाही.’ आणि हसत हसत विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांना धरून उतरले.

फळ्यांच्याही खाली गेल्यावर एकदा हाक आली, ‘लीला, पाय उचलत नाहीत गं.’ आवाज घाबरलेला नव्हता. झोप आल्यासारखा होता. पुन्हा काही नाही.

मी किंचाळले. अंबाजी उतरायला धावला, मीच त्याचा शर्ट धरून ठेवला. तिकडून गल्ली धावून आली, मागच्या दाराशी. सगळे आले हो, वन्सं, ज्यांना वर्षभर पाणी दिलं नव्हतं ते सगळे. दोर घेऊन, शिडी घेऊन. आणि दाराला कुलूप. गंगूबाई दारावर हात आपटत ओरडत होती, ‘किल्ली दे, लीलाबाई, किल्ली दे!’ किल्ली विहिरीत होती. पुढच्या रस्त्यानं वळसा घालून यायचं, तर टँकर फाटकात आडवा. शेवटी कुणीतरी पहारीनं दार फोडलं.

फायर ब्रिगेडची माणसं आली. मी म्हणत होते, उतरा, उतरा. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ‘अम्मा, पहले दिया.’ त्यानं एक कंदील पेटवला, दोर बांधला आणि जवळ उभी होती तिच्या हातात दोर दिला. ती प्रणिता होती. तो काठावर ओणवा झाला. बाबा व्हायचे म्हणून तुम्ही लिहिलं होतंत, तसाच. यांनी ते पत्र वाचून कपाटावर टाकलं होतं, मी वाचलं होतं.

प्रणिता हळूहळू दोर सोडत होती. सगळे गप्प. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली. फळ्यांच्या खाली गेली आणि गेलीच. प्रणिता माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आई, बुझ गया.’

आणि त्याच्याही खाली, वन्सं, यांचा तो बल्ब लख्ख जळत होता. त्याच्या उजेडात यांची पाठ दिसत होती. बनियनवरचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता.

म्हाताऱ्यानं कडुलिंबाच्या फांद्या मागितल्या. गंगूबाईनं झाड ओरबाडून आणल्या. त्या खालीवर करता करता तो मला सांगत होता की बंद जागेतली हवा मेलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही, ज्योतीला कळते. मी ऐकत होते आणि मनात येत होतं, हे बाबांनी यांना एकदा तरी सांगायचं होतं. तुमच्या हातात दोर दिला, मला सून म्हणून पुरण वाटायला दिलं, पण ज्योत कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. मग वाटतं, सांगितलं असतं तरी काय? अंबाजीनं सांगितलंच होतं की.

त्या दिवशी हॉलवाल्यानं दुसरीकडून पाणी घेतलं. आमच्या दारातून यांना घेऊन लोक निघाले तेव्हा लांबून बँड ऐकू येत होता.

आता विहिरीत पाणी नाही. तळाशी नुसता काळा चिखल आहे. टँकर ज्यांच्या कर्जाचे होते ते घेऊन गेले. मागचं दार तसंच मोडकं आहे. त्यातून आता कुणी पाण्याला येत नाही. गंगूबाई तेवढी येते आणि पायरीवर बसून जाते. लांबच्या नळावरून मला एक घागर आणून देते. मी नको म्हटलं, तर म्हणाली, ‘भाव सांगू का?’ आणि पदर तोंडाला लावून रडली.

एक काम तुमच्यासाठी ठेवलंय. विहिरीतला बल्ब अजून जळतोय. करंट गेला की विझतो, आला की पुन्हा लागतो. बटण अंगणातल्या मोटरच्या शेडमध्ये आहे, हात पोचतो माझा, पण दाबवत नाही. प्रणिताला सांगितलं, तर ती शेडकडे जातसुद्धा नाही.

डोळे बरे झाले की या. खाली कंदील सोडायचा मान तुमचा होता, ना? हा दिवाही तुम्हीच येऊन मालवा.

आपली
लीला